देवीच्या लिंबाला कात्री

खरं सांगते, त्या वर्षी मी देवीवर चांगलीच रुसले होते. आमच्या कागदी लिंबाच्या बागेत खैऱ्या रोग शिरला होता. पानांवर, फांद्यांवर, फळांवर खरजेसारखे तपकिरी फोड. जो जे सांगेल ते केलं: रोगट फांद्या छाटून जाळल्या, दर झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवली, फवारे मारले. तरी पावसात नवी पालवी फुटली की पुन्हा तेच! "आता एकच वर्ष पाहतो. नाही सुधारली तं बाग उपटून कापूस लावतो," असं यजमानांनी जाहीर केलं. सासूबाईंच्या हातची बाग ती.

एका झाडाला मात्र मी कोणाला हात लावू दिला नव्हता. बांधावरचं पहिलं झाड, देवीचं. नवरात्रात त्याच्याच एकवीस लिंबांची माळ गावदेवीला, मातामायला, चढते. त्याला लोखंड लावायचं नाही, ही घरची रीत. यजमान कात्री घेऊन आले की मी आडवी उभी राहायची.

संक्रांतीनंतर एका दुपारी महागावची बस चुकलेली एक म्हातारी पाणी मागायला आली. पाणी पिऊन ती त्या झाडाकडे बघतच राहिली. मी रीत सांगितली, जरा तोऱ्यातच. बाई खळखळून हसली.

"काहून वो बाई, देवीच्या लेकराले खरूज झाली तं दवाखान्यात नाही नेत का? पावसाच्या पाण्यानं याच्यावरूनच तं रोग साऱ्या बागेत पसरून राह्यला!"

वर दोन डागाळ लिंबंही मागून घेतली. "लोणच्याले चालते," म्हणाली आणि पुढच्या बसनं गेली. मला नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

मी झाडापुढं दिवा लावला, माफी मागितली आणि कात्री स्वतःच चालवली. रडू येत होतं. यजमान म्हणाले, "देवी कोपली तं तुह्यावर, मले नको सांगू!" पण छाटलेल्या फांद्या त्यांनीच ओढून नेऊन जाळल्या. मग साऱ्या बागेसोबत त्यालाही फवारा मिळू लागला.

पुढच्या पावसाळ्यात बाग हिरवीगार राहिली. कापसाचं नाव पुन्हा निघालं नाही. देवीच्या झाडाला फळं यायला मात्र आणखी एक वर्ष गेलं. त्या नवरात्रात एकवीस लिंबं निघाली, एकावरही डाग नाही. यजमानांनी स्वतः दोऱ्यात ओवली.

ती म्हातारी कोण, कुठली, हे मी शोधत नाही. माळ चढवताना डोळे भरून आले आणि हसूही आलं. म्हटलं, माय, झाड तुझं तुझं म्हणत होते, पण तुझ्यावर सोडलं कुठं होतं, मीच तर आडवी उभी होते!