चालली नाई तरी सांगजो

गाठ बांधणारे जगात पुष्कळ असतील, पण ती सोडायची कशी याची चिठ्ठी गाठीच्या आतच ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे सिंदी रेल्वे या गावात माझ्या घरासमोर राहणारे काकाजी. उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात गेला, त्यामुळे निवृत्तीनंतर हात रिकामे राहायला तयार होईनात. माझा साधा स्क्रूड्रायव्हर परत करायचा, तरी तो आधी वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग सुतळीत. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी दिलेलं प्रेझेंट सोडवायला नवरदेवाने शेवटी विळा मागवला, आणि आत चिठ्ठी निघाली, "कापू नको, डाव्या बाजूनं ओढजो." चिठ्ठी बाहेर का नाही ठेवली, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाहेर ठेवली त उडून नाई जाईन काय?"

काकू गेल्या, मुलगी पुण्याला नोकरीला लागली, आणि घरात तिचा जुना कॉम्प्युटर तेवढा राहिला. त्यात बस चालवायचा एक खेळ होता. रस्ते परदेशी, बसही परदेशी. अशा तयार खेळात हौशी लोक आपल्याकडची गाडी, हॉर्न, पाटी करून बसवतात, त्याला मॉड म्हणतात. काकाजींना त्यातलं काही करता येत नव्हतं. पण कुणाची लाल बस, कुणाचा हॉर्न, कुणाची सेलू-वर्धा पाटी, हे सगळं ज्याची त्याची परवानगी मागून ते एका फायलीत बांधत आणि इंटरनेटवर ठेवत, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावं आणि आपल्या खेळात बसवावं. "बनवणारे लय हायेत गा," ते म्हणत, "बांधणारा पाह्यजे." सोबत सूचना, थेट आपल्या बोलीत: "जुनी गाडी आधी काढजो, मंग हे टाकजो." शेवटची ओळ दर वेळी तीच: "चालली त सांगजो. चालली नाई तरी सांगजो."

कोणीही सांगत नसे. सकाळी दूध तापवून झालं की काकाजी त्या पानाखाली कुणी दोन शब्द लिहिलेत का ते बघत, दुपारी पुन्हा बघत. उतरवून घेणारे होते, बोलणारं कुणी नव्हतं. मला ते बघवत नसे. माझ्याही कॉम्प्युटरवर त्यांनी हौसेने तो खेळ घालून दिला होता, आणि मॉडचा पेनड्राइव्ह दिला होता तीन पिशव्यांत गुंडाळून. चार दिवसांनी मी पिशवी न उघडताच सांगून टाकलं, "काकाजी, मस्त चालली." ते नुसतं "बरं" म्हणाले आणि तुरीच्या शेंगा सोलत बसले. मला वाटलं, खूश झाले.

गेल्या महिन्यात ते आठ दिवस मुलीकडे गेले. समोरचं कुलूप बघून करमेना, म्हणून मी पेनड्राइव्ह शोधला आणि मॉड खरोखरच बसवायला घेतला. बस काही दिसेना. तास-दीड तास डोकं खाजवल्यावर कळलं, की फायलीच्या आत दुसरी फाइल बांधलेली आहे, आणि "दोनदा सोडजो" ही सूचना त्या आतल्या फायलीत आहे. आतली फाइल सोडली, आणि लाल बस पाटीसकट उभी राहिली. सूचनेच्या खालीच ती शेवटची ओळ होती. म्हणजे सांगायला सांगितलंय, हेच कुणाला कधी कळलं नव्हतं.

काकाजी परत आले त्या संध्याकाळी मी गेलो. म्हटलं, "काकाजी, तुमची बस पहिल्यांदा नाई चालली."

त्यांनी चष्मा काढला. "खरंच लावली काय तू?"

"लावली."

"मागं तू मस्त चालली म्हणलं, तवाच समजलं मले, यानं गाठ सोडलीच नाई. पह्यल्या खेपेले कोणाची चालते?" आवाजात राग नव्हता. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "मंग उभा काऊन हायेस? बस. कुठं अडली, पह्यलेपासून सांग."

चिठ्ठी बाहेर ठेवा, एवढं म्हटलं असतं तर काम संपलं असतं. तेच सांगायला तर मी गेलो होतो. पण त्या स्टुलावर धूळ होती, आणि समोर राहून मी त्यावर कधी बसलो नव्हतो, याची मला फार लाज वाटली. मी बसलो, आणि पेनड्राइव्हच्या पहिल्या पिशवीपासून सांगायला सुरुवात केली.