टाइप करताना मी बदललेला शब्द

साठीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात टायपिस्ट होते. हे त्याच शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर होते. पुण्याहून येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी यंत्रावर बोलून ठेवलेली पत्रं कानाला हेडफोन लावून दिवसभर टाइप करायची, हे माझं काम. पेशंट मला कधी दिसत नसत. त्यांची फुप्फुसं तेवढी माहीत असत.

एका दुपारी छातीच्या वॉर्डातली सिस्टर आमच्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"जरा वर येतेस का? तुमच्याकडची एक बाई ॲडमिट झालीय. एक अक्षर बोलत नाही. तुझी भाषा तिला कळेल."

मी वर गेले. खिडकीजवळच्या पलंगावर चाळिशीतली एक काळीसावळी बाई बसली होती. रुंद कपाळ, कुरळे केस, कानांजवळ पिकलेले. मी मराठीत विचारलं, मग माझ्या मोडक्या हिंदीत. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "यातलं मला काही कळलं नाही. पण बोल तू, ऐकायला बरं वाटतंय."

"मग सिस्टरशी का बोलत नाही तुम्ही?"

"ती फार मोठ्यानं बोलते. मी बहिरी नाहीये. ती दमायची वाट बघत होते."

ती ऑस्ट्रेलियातली मूळनिवासी होती. इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून तिची माणसं तिथल्या एका नदीकाठी राहत होती. सहाव्या वर्षी सरकारी माणसांनी तिला घरातून उचललं आणि दूरच्या एका मिशनमध्ये नेऊन ठेवलं. तिथं तिला शिवण, धुणं आणि बायबल शिकवलं. पंधराव्या वर्षी एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला लावलं. पुढे अशाच एका कुटुंबाबरोबर, त्यांची मुलं सांभाळायला म्हणून, ती इंग्लंडला आली. मुलं मोठी झाली तशी तिची गरज संपली. मग ती लीड्सला कोटांच्या कारखान्यात लागली आणि तिथंच तिला क्षय झाला. हे तिनं मला एका बैठकीत सांगितलं नाही. पाच महिने ती वॉर्डात होती. जेवणाच्या सुट्टीत मी वर जात असे, तेव्हा तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

तिच्या उशाखाली शाळेच्या सात वह्या होत्या. तिच्या दोन-तीन कविता एका छोट्या मासिकात छापून आल्या होत्या, आणि आता ती लहानपणाबद्दल लिहीत होती. एक दिवस तिनं विचारलं, "तू टाइप करतेस ना? हे करशील?"

ह्यांच्या प्रबंधासाठी आम्ही एक जुना टाइपरायटर घेतला होता. मी वह्या घरी आणल्या आणि रविवारी बसू लागले.

तिचं लिखाण साधं होतं. वाक्यं छोटी असायची. नदीतले मासे, राखेत भाजलेले कंद, आईच्या हाताचा वास. पण एका ठिकाणी मी अडले. आई नदीवर गेली आहे असं लिहिलेलं, आणि पुढच्याच ओळीत आई झाडाखाली बसून हिच्या केसांतून हात फिरवतेय. दहा पानं मागेपुढे करून पाहिल्यावर उलगडा झाला. झाडाखालची बाई आईची थोरली बहीण होती. मी जिथं जिथं ती बहीण आली तिथं तिथं 'आई' काढून 'आंट' घातलं. हात लागलाच होता म्हणून चार-दोन ठिकाणचं व्याकरणही नीट केलं. आपण तिच्यावर उपकार करतोय असंच मला वाटत होतं.

साठ पानं झाली तेव्हा मी ती वॉर्डात नेऊन दिली. तिनं माझ्यासमोरच वाचायला घेतली. चौथ्या पानावर थांबली.

"ही आंट कोण?"

"तुमच्या आईची बहीण. मी नीट करून घेतलं. वाचणाऱ्याचा गोंधळ झाला असता."

"ती माझी आई आहे."

"हो, पण म्हणजे खरी—"

"दोघी खऱ्या आहेत." तिनं आवाज चढवला नाही. "मिशनमध्ये पहिल्या आठवड्यात हेच झालं. बाई म्हणाल्या, आई एकच असते. मी म्हटलं, मला दोन आहेत. खोटं बोलते म्हणून माझं तोंड साबणानं धुतलं."

ती मला रागवत नव्हती, त्यामुळे मला जास्तच अवघड झालं.

मग तिनं विचारलं, "तुमच्या भाषेत आईच्या बहिणीला काय म्हणतात?"

"मावशी."

"त्यात आई आहे?"

मी असा विचार कधी केला नव्हता. मनातल्या मनात शब्द उलटसुलट करून पाहिला; सुरुवातीलाच 'मा' होता. "आहे," मी म्हटलं. "पुसट झालीय, पण आहे."

"मग तुला कळायला हवं होतं," ती म्हणाली आणि पानं माझ्या हातात दिली.

ती साठ पानं मी दोन रविवारांत पुन्हा टाइप केली. व्याकरणही तिचं होतं तसं ठेवलं. हे म्हणाले, "तेच परत?" मी हो म्हटलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन खिचडी लावली. ती खाली लागली होती. आम्ही खाल्ली.

दुसरी एक गोष्ट मला खटकत होती. पुस्तकात नावंच नव्हती. मी तिला तसं म्हटलं. तिनं उलट मला विचारलं, "तू नवऱ्याचं नाव कधी का घेत नाहीस? कायम 'डॉक्टर' नाहीतर 'माझे मिस्टर'."

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"आमच्यात मेलेल्यांचं घेत नाहीत."

"पण सगळेच काही गेलेले नसतील."

"तेच तर मला माहीत नाही. आई आहे की गेली, मला कोणी कळवलेलं नाही. म्हणून कोणाचंच नाव घालत नाही."

ती बरी होऊन बाहेर पडली तोवर टायपिंग संपलं होतं. वॉर्डातल्या एका डॉक्टरांच्या ओळखीनं हस्तलिखित लंडनच्या एका प्रकाशकाकडे गेलं आणि दोन महिन्यांनी 'भेटायला या' असं पत्र आलं. "तू चल," ती म्हणाली. मी रजा टाकली. सकाळच्या ट्रेनमध्ये ती पूर्ण वेळ पानांचा गठ्ठा मांडीवर धरून बसली होती. बाजूला ठेवा म्हटलं तरी ठेवला नाही.

संपादक वयस्कर आणि सभ्य होता. स्वतः उठून चहा आणला, पुस्तकाचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाला, "एकच अडचण आहे. दोन आया, आणि एकीलाही नाव नाही. वाचक हरवतो. एकीला आंट करू या. आणि नावं घालू, खोटी चालतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अशा ठिकाणी बोलणारी बाई नव्हते. पण बोलले.

"मी ते करून पाहिलंय. चूक होती ती. मला सगळी पानं पुन्हा टाइप करावी लागली."

"आपण कोण?" त्यानं विचारलं.

"टायपिस्ट."

तो हसला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. तुम्ही सावकाश विचार करा, असं तिला म्हणाला. तिनं विचार करायला वेळ घेतला नाही. "नाही," म्हणाली, गठ्ठा उचलला, चहाबद्दल आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो.

परतीच्या ट्रेनमध्ये मी पोळी-भाजीच्या गुंडाळ्या काढल्या. तिनं एक घेतली, पण न खाता पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली. "नाही म्हणायची सवय नाही मला," ती म्हणाली. डर्बीशायरचे डोंगर मागे पडल्यावर म्हणाली, "मी मूर्खपणा केला का?" मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

पुस्तक निघायला आणखी दोन वर्षं गेली. ग्लासगोत एक निवृत्त शिक्षक जोडपं घरच्या घरी लहान छापखाना चालवत असे. त्यांनी ते काढलं. एकही शब्द न बदलता. कव्हरवर कांगारू नको, एवढीच तिची अट होती. प्रती थोड्याच छापल्या. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातही तिला चुकून न्यूझीलंडची म्हटलं होतं. ती कारखान्यात जात राहिली, मी माझ्या टाइपरायटरवर.

मग कोणीतरी एक प्रत ऑस्ट्रेलियाला नेली. कोणी ते आम्हाला कधी कळलं नाही. एका शनिवारी सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. हातात पत्र होतं. आत येऊन कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली. पत्र मिशनमध्ये तिच्या शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलीचं होतं. आता तीही मध्यमवयीन बाई. ती त्याच नदीकाठची; पुस्तकात नावं नसूनही तिनं सगळ्यांना ओळखलं होतं.

"एक गेली," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. एक आहे. नदीवरच आहे. मी कुठं आहे, विचारत असते म्हणे."

मी चहा ठेवला. दोघींपैकी कोण राहिली, हे मी विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं, "झाडाखालची." मग ती रडली. हे आतल्या खोलीतून आले, दारातच थांबले आणि परत गेले.

त्याच वर्षी ती कायमची परत गेली. पुढे तिकडे तिची आणखी दोन पुस्तकं निघाली, एक कवितांचं. तिला मान मिळाला, शाळांतून बोलायला बोलवू लागले, असं तिच्या पत्रांतून कळे. तिन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत. पण मी पुन्हा काढून वाचते ते तिनं तिथं पोचल्यावर लिहिलेलं पहिलं लांबलचक पत्र.

झाडाखालची आई आता म्हातारी झाली होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. मग ही रोज दुपारी तिला पुस्तक वाचून दाखवी. इंग्रजीतून त्यांच्या भाषेत आणताना हिचे अर्धे शब्द अडत, कारण सहाव्या वर्षानंतर ती भाषा तिच्या तोंडी राहिली नव्हती. म्हातारी शब्द पुरवी, आणि चुकाही काढी. तो मासा त्या जागी मिळत नव्हता. तो पाऊस त्या वर्षीचा नव्हे. ही पेन्सिलीनं समासात लिहून घेई. असं करत दोघी गाडी आली त्या दिवसापर्यंत पोचल्या. सरकारी माणसं मुलं न्यायला आली तो दिवस. तिथं म्हातारी उठली, काठी घेऊन बाहेर गेली आणि कुत्र्यांशी बोलत बसली. हिनं हाक मारली तर म्हणाली, "तू वाच. तुझं झालं की मला बोलाव."

हिनं ते प्रकरण एकटीनं, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत वाचून पूर्ण केलं आणि मग तिला बोलावलं.