सदूची शेवटची चढाई

परवा जेवताना बायकोने बुक्कीने कांदा फोडला आणि त्या उग्र वासाने मी थेट नौपाड्यातल्या हुतुतूच्या मैदानावर जाऊन पोहोचलो. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची गोष्ट. कल्याणच्या संघाशी आमचा सामना होता आणि मी कर्णधार होतो.

चढाई करताना आमच्या संघातल्या सदूचं, माझ्या मित्राचं, डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो निपचित पडला. आम्ही नेहमीप्रमाणे कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. डोळे उघडून तो म्हणाला, "वसंता, कोण पुढे आहे रे?"

"ते. एका गुणाने."

जरा वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा. "अरे, याच्या गळ्यात गुणांची पाटी अडकवा कुणीतरी!" आमच्यातला एकजण ओरडला. सगळे हसले, मीही हसलो. पण सदू कल्याणवाल्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. तरी मी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणालो, "जा, शेवटची चढाई."

सामना आम्ही जिंकलो. घरी जाईपर्यंत सदू दोनदा ओकला. डॉक्टर माझ्यावर चिडले, "मेंदूला मार बसलाय. याला पुन्हा खेळवलंत कशाला?" पुढे कित्येक महिने त्याला उजेड सोसवेना, वाचवेना. त्याची मॅट्रिक राहिली ती राहिलीच.

त्या संध्याकाळचं त्याला काहीच आठवत नाही. अजूनही घरी आला की माझ्या मुलांना कौतुकाने सांगतो, "तुमच्या बाबाने त्या दिवशी मला मैदानाबाहेर काढलं, म्हणून वाचलो."

मी त्याला कधीच अडवलेलं नाही.