मामाचा हातगुण

विजेच्या शेगड्या आणि गिझर दुरुस्त करण्यात मामाने तेवीस वर्षं घालवली. त्यात त्याने एकच विद्या कमावली: तुटलेल्या निक्रोमच्या तारेचं जळकं टोक कापायचं आणि उरलेली तार ओढून पीळ घालून जोडायची. तार आखूड झाली की जास्त तापते, मग गिऱ्हाईक खूश. "मामांच्या हाताला गुण आहे!" महिन्याभरात तीच तार पुन्हा तुटते आणि गिऱ्हाईक नशिबाला बोल लावत परत येतं. मी त्याची सख्खी भाची, दुकानात त्याच्याच हाताखाली. सांगायलाही लाज वाटते.

मामी मागच्या खोलीत बसून सळईवर नवी वेटोळी गुंडाळते आणि प्रत्येक वेटोळं मीटर लावून तपासते. ती खपतात मात्र मामाच्या नावावर. मीटर पाहिला की हा नाक मुरडतो.

परवा प्रसूतिगृहातली नर्स अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऊबपेटी घेऊन आली. आत ठेवायचं बाळ तिकडे नुसत्या दुपट्यात होतं. मामाने नेहमीची कापाकापी करून तार जोडली, वीज सोडून वर तळहात धरला आणि म्हणाला, "काय ऊब आहे बघा!"

मामीने मीटर लावला. "तार आखूड झालीय. ही लाल होईल. पेटीत बाळ असणार आहे, अहो!"

"तू तुझी सळई सांभाळ."

मला त्या क्षणी मामाचा मनापासून तिटकारा आला. मामीने त्याची तार काढून विटेवर ठेवली आणि वीज सोडली. जोडाजवळ ती लाल झाली, मग पिवळी, आणि फट्कन तुटली. नर्सने तोंडावर हात धरला.

मामीने तासाभरात नवी तार मोजून गुंडाळली, बसवली आणि पेटीत थर्मामीटर ठेवून अर्धा तास पाहिला. तोवर मामाचा आवाज परत आला होता. "बघितलंत? हे दाखवायलाच मी मुद्दाम जोडली होती."

पेटीच्या झाकणाला दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावायचा प्रसूतिगृहाचा नियम आहे. मामाने पेनासाठी हात पुढे केला. नर्सने पेन मामीला दिलं.

"दुकानाचं नाव तरी लिही," मामा पुटपुटला.

मामीने फक्त स्वतःचं लिहिलं, आणि खाली मीटरवरचा आकडा.