नळीत गेलेला बारीक दाणा

ठासणीची बंदूक आमच्या गावात एकच होती, माझ्या थोरल्या चुलत्यांची. तिच्या जोरावर आमचं घर जे मिरवायचं, ते आठवलं की आज किळस येते. लोणावळ्याच्या बंगल्यांतले शिकारी काडतुसांच्या बंदुका घेऊन फिरत. आमची मात्र तोंडातून भरायची. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग गोळी, आणि वरून गजाने ठासणं. तरी चुलते दसऱ्याला ती खांद्यावर टाकून असे चालत, जणू आत्ताच एखादा गड घेऊन आलेत. उभ्या जन्मात त्यांनी तिच्यातून एक होला पाडला नाही.

बंदूक खरी चालवायचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टाकव्याचे. भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरायची आणि आम्ही दाजींना राखणीला बोलावणं धाडायचो. जावयाला फुकटात शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसवायचं आणि वर पाहुणचार केला म्हणून गावभर सांगायचं, असलं आमचं खानदान.

एका वर्षी जुनी दारू संपली. चुलत्यांनी परवाना देऊन मला लोणावळ्याला पिटाळलं. मी तेव्हा लग्न झालेला, कामशेतच्या बाजारात तांदूळ चिमटीत घेऊन भाव पाडणारा मोठा शहाणा होतो. दुकानदाराने कागदावर दोन नमुने ओतले. एक मोहरीएवढा जाड, दुसरा खसखशीसारखा.

"नळीत ही जाडी घालायची. बारीक फक्त बाहेर कानावर, ठिणगी पडते तिथं, चिमूटभर, पेट घ्यायला."

आमच्या घरी दोन तांदूळ शिजत. बारीक आंबेमोहर आमच्यासाठी आणि जाडा गड्यांसाठी. चुकून जाडा ताटात पडला तर चुलते ताट सरकवून उठत. त्या घरात वाढलेल्या माझ्या डोक्यात दुसरं काय असणार?

"जाडी कुणाला देता? गड्याच्या घरचा वाटलो का मी?"

"अहो, हा काय भात आहे? बारीक एकदम भडकते, नळी फाडायला बघते. जाडी दमानं जळते आणि गोळीला रेटत नेते."

"जोर जास्त म्हंजी बारीकच चांगली की. बांधा सगळी बारीक."

तो हसला. "बांधतो. डुक्कर तरी खानदानी मरणानं मरेल. पण घरी सांगा, माप निम्म्यावर आणा."

ते मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चुलत्यांनी विचारलं असतं, मग जाडीच का नाही आणलीस? तेवढा शब्द ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. दाजी संध्याकाळी आले तेव्हा दिवस मावळला होता. दारू ठेवायचं शिंग मीच भरून त्यांच्या हातात दिलं. माळ्यावरच्या अंधारात त्यांनी नेहमीचं माप घातलं. पहाटे बार झाला तो नळी फाटल्याचा. डाव्या हाताची तीन बोटं गेली.

परवान्याची बंदूक फुटली म्हणजे पाटलाला कारण द्यावं लागणार. चुलत्यांनी ते चावडीवर तयारच आणलं होतं. "जावयानं दुप्पट ठासली, दुसरं काय."

हाताला फडकं गुंडाळून दाजी खाली बसले होते. चुलत्यांना म्हणाले, "न्हाई आबा. म्या एकच माप घातलं. रोजचंच."

"व्हय, व्हय," मागून कुणी ओरडलं, "एक नळीत आन एक पोटात!"

चावडी हसली. दाजी ताडीच्या थेंबालाही शिवत नसत, हे त्या हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला तर होतंच. मीही हसलो.

तेव्हापासून ते 'दुप्पट पाव्हणं' झाले, आणि ते नाव टाकव्यापर्यंत पोचलं. लग्नात पंगतीला वाढायला उठले तरी कुणी तरी म्हणे, बेतानं वाढा. आमच्या घरात तर ही थट्टा लोणच्यासारखी मुरवली होती. दाजी गेले तोपर्यंत तिला कुणी विटू दिलं नाही.

यंदा टाकव्यात राखणीच्या बंदुकीसाठी भाच्याचं नाव निघालं. मी तेव्हा बहिणीकडं गेलो होतो आणि तिथल्या पारावर बसलो होतो. एक जण म्हणाला, "बापानं दुप्पट ठासली, पोरगं तिप्पट ठासंल." मग मी उठलो आणि काय आणलं, कुणी भरलं, काय लपवलं, सगळं सांगितलं. जन्मभर हसलेले तेच लोक आता म्हणायला लागले, "भाऊ, जाऊ द्या. जुनं कशाला उकरता?" जुनं! मघाशी ते ताजं होतं. भाच्याचं नाव कायम झालं. त्याने माझे आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाला, "आईला सांगा."

आक्काला जाऊन सांगितलं.

"मंग ते खरं बोलत व्हते."

"व्हय, आक्का."

"पावसाळ्यात हात लय ठणकायचा त्यांचा. मी म्हनायचे, सोसा आता, दुप्पट ठासताना कळलं न्हाई? ते म्हनायचे, एकच माप घातलं गं. आजारपणात शेवटी बोलनं तुटत आलं, तवाबी त्येच म्हनाले. म्या म्हनलं, बरं बरं, निजा."

आणि मग तिने मला उठून जायला सांगितलं.