शेळ्यांची मराठी बोलणारा मास्तर

गोरा मास्तर बोलायला लागला की फुटबॉलची पोरं हसून आडवी व्हायची. त्याला मराठी माझ्याकडनं आली, आन् मी दिवसभर बोलायची ती शेळ्यांशी. म्हून मिशीवाल्या पोराला बी तो वरडायचा, "कुटं निघालीस गं मरतुकडे? मागं फिर, हुर्र!" मी कपाळाला हात लावायची.

छावणीच्या मैदानात मी शेळ्या चारायची. घरधनी इमारतीच्या कामावरनं पडून गेला, तवापासनं शेळ्यांवरच घर चाललं. रडायला येळ कुटं होता. त्याच मैदानात एका बिल्डर सायबानं टीम उभी केली आन् शिकवायला पोलंड देशातनं हा मास्तर आणला. वय माझ्या धाकट्याएवढं.

शेळ्या हाकलायला सायबाचा माणूस आला, तर मास्तरच आडवा आला. गवत बारीक ऱ्हातं म्हणला. तेवढं बरं केलं. पण खेळ संपला की असली शिट्टी फुंकायचा, की शेळ्या आपसूक घराच्या वाटेला लागायच्या. माझ्या हाकेला किंमतच ऱ्हायली नाय.

"अरे मास्तर, माझी जनावरं बिघडवू नको."

"मावशी, तू बस. तुझी टीम चांगली. माझी टीम ऐकत नाय."

माझी भाकर-ठेचा खायचा, नाका-डोळ्यातनं पाणी काढायचा, आन् दुसऱ्या दिवशी परत हजर. खाताना सांगायचा. तिकडं खेळताना गुडघा मोडला. पंचविशीतच मास्तर झाला, तर पहिल्या टीमनं वर्षात हाकलला. "इथून बी गेलो तर मला कोण टीम देणार नाय, मावशी."

"मग तोंड सांभाळ," मी म्हणलं. तेवढी मराठी त्याला कधीच आली नाय.

कप आणला तर ठेवीन, असं सायबानं सांगितलं होतं. पण सायबाचा पुतण्या सगळ्यात पुढं खेळायचा. पळायचा नाय, नुसते केस सारखे करायचा. एकदा पाय मोडलेली शेळी मागं घेताना मी बोलून गेले, "लंगडी शेळी पुढं घातली की कळप घरी पोचत नाय." मास्तर ते दिवसभर घोकत बसला.

शेवटच्या म्याचला सायब पाव्हणे घेऊन आले. मधल्या सुट्टीत मास्तरनं पुतण्याला बाहेर बसवलं. सायब तरातरा खाली आले. "का बसवलं त्याला?"

मास्तर सगळ्यांदेखत म्हणला, "लंगडी शेळी पुढं घातली की कळप घरी पोचत नाय, सायब."

पाव्हणे हसले. सायब हसले नाय. मी शेळीचं बोलले होते, बाबा. पुतण्याचं कुणी काढलं होतं?

म्याच जिंकली, कप आला. आन् कपामागनं मास्तरचं परतीचं तिकीट आलं.

जायच्या दिवशी पिशवी घेऊन मैदानात आला. मी लई बोलले. "गप बसला असतास तर भाकर तरी ऱ्हायली असती."

"व्हय मावशी," म्हणला. "पण कळप पोचला."

पुढं त्याला कुटं टीम मिळाली का नाय, मला कोण सांगणार? माझ्यामागं मात्र घोर लावून गेला. त्या शेळ्या गेल्या, त्यांची करडं मोठी झाली, ती बी तसलीच. दिवस बुडाला तरी हाकेला हलत नायत, माना वर करून उभी ऱ्हात्यात. बाईनं शिट्टी मारली की घराला दळिंदर लागतं, असं सासू म्हणायची. करती काय? या वयात, साऱ्या मैदानादेखत, तोंडात दोन बोटं घालती आन् शिट्टी मारती.