आवाजाचा कीबोर्ड

माझा पहिला मेकॅनिकल कीबोर्ड माझ्या सासऱ्यांनी पसंत केला, हे मी बरेच दिवस मिरवत होते. बहिणीला फोनवर सांगितलं, माहेरी होटगीला गेले तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, प्रकाशकबाईंना तर दोनदा सांगितलं. आता कुणी विचारलं तर दुकानदारानं दिला म्हणते आणि विषय बदलते.

आधी घराचं सांगायला हवं. आमच्या घरामागं यंत्रमागांची शेड होती. सोलापुरात अशा शेडीला कारखाना म्हणतात, मग आत चारच माग का असेनात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं टॉवेल निघत होते. पुढं धंदा बसला, माग भंगारात गेले, आणि रिकाम्या शेडीत मधे भिंत घालून निम्मी जागा मला कामाला मिळाली. मिळाली म्हणजे मामांनी दिली. सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात. सासूबाईंना तिथं जुने पलंग आणि पाण्याची पिंपं ठेवायची होती. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पिंपं. तिला बसू दे की तितं. काम करतीय ती."

मी घरी बसून भाषांतरं करते. याला काम म्हणणारा घरात एकच माणूस होता. नवरा औषधांच्या कंपनीत फिरतीवर. तो त्याला 'तुझं टायपिंग' म्हणतो. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "लॅपटॉपवर बसलीय." मामा मात्र दारात कुणीही आलं, गॅसवाला असो की कुंभारी गावची भावकी असो, एकच वाक्य बोलायचे, "सूनबाई कामात हाय." ते आत ऐकू आलं की माझी वाकलेली पाठ आपोआप ताठ व्हायची. लग्नात घातलेल्या सगळ्या दागिन्यांपेक्षा मला त्या वाक्याचं अप्रूप होतं.

तोवर मी मिक्सर कसा वापरावा, ॲप कसं उघडावं असलंच मराठीत करत होते. मग प्रकाशकबाईंकडून एका म्हातारीचं कन्नड आत्मचरित्र माझ्याकडं आलं. होटगीकडच्या पोरींना कन्नड वेगळं शिकवावं लागत नाही, ते शेजारून येतं. अख्खं पुस्तक, आणि आत माझं नाव. मी एवढ्या जोरात कामाला लागले की लॅपटॉपच्या त्या चपट्या बटणांवर बोटांची पेरं दुखायला लागली. भाषांतर करणारी एक मैत्रीण म्हणाली, मेकॅनिकल कीबोर्ड घे, बोटं वाचतील.

मला वाटलं, कीबोर्ड तो कीबोर्ड, त्यात मेकॅनिकल काय असायचंय? मग व्हिडिओ बघितले. अंधाऱ्या खोलीत रंगीत दिवे लावून बसलेली पोरं बटणं दाबून दाखवत होती आणि गवयाला दाद द्यावी तशा माना डोलवत होती. पण त्यातून एवढं कळलं की यात प्रत्येक बटणाखाली त्याचा स्वतंत्र स्विच असतो आणि स्विचची जात रंगावरून ओळखायची. तांबडा मुकाट खाली जातो. तपकिरी जाता जाता बोटाला थोडा अडतो. निळा दर वेळी टक करून वाजतो. आणि सगळ्यांचा नवख्यांना एकच सल्ला, घरात माणसं असतील तर निळ्याच्या वाटेला जाऊ नका. मी तांबडा ठरवून टाकला.

मामांना चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती म्हणून तेही रिक्षातून नव्या पेठेत माझ्याबरोबर आले. कापडाच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो, तिथं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानदारानं विचारलं, "बच्चा कौनसा गेम खेलता, मॅडम?" मी म्हटलं, बच्चा नाही, मीच. त्यानं माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगाकडं बघितलं आणि एक छोटी पट्टी पुढं ठेवली. तिच्यावर सगळ्या जातींचे स्विच बसवलेले होते, दाबून बघायला.

मी तांबडा दाबला. मऊ होता. हाच द्या म्हणणार, तेवढ्यात मामा स्टुलावरून उठले आणि त्यांनी आपलं जाड बोट त्याच स्विचवर ठेवलं.

"ह्यो चालू हाय का बंद?"

"चालू आहे, मामा."

"कळना की."

तपकिरी दाबून त्यांनी तोंड वाकडं केलं. मग निळा दाबला. टक. परत दाबला. टक, टक. चेहरा असा खुलला म्हणता!

"ह्यो घे. ह्येला आवाज हाय. आवाज न्हाय त्या कामाला काय अर्थ हाय?"

"घरात त्रास होईल सगळ्यांना."

"आमाला कसला तरास? आमी मागाच्या आवाजात झोपलेली माणसं."

दुकानदार म्हणाला, घ्या बिनधास्त, पुढं नाही आवडला तर स्विच उपटून दुसरे बसवता येतात. पण मी त्याच्याकडं कुठं बघत होते? मी मामांकडं बघत होते, आणि विरघळले होते. या माणसाचे माग डोळ्यांदेखत भंगारच्या टेम्पोत गेले. शेड मुकी झाली. त्यांना तिथं पुन्हा थोडा आवाज हवाय आणि तो सुनेच्या बोटांतून हवाय, असं सगळं मी तिथल्या तिथं मनात रचून टाकलं. भाषांतरकाराची खोड, न बोललेलंही ऐकू येतं. मी निळा घेतला.

त्या कीबोर्डवर पहिल्यांदा मी काय लिहिलं असेल? पुस्तकाचं मनोगत. ते सगळ्यात शेवटी लिहायचं असतं, पण माझ्यानं राहवलं नाही. एक परिच्छेद फक्त मामांचा. मुक्या शेडीत त्यांनी आवाज परत आणला, वगैरे. लिहिताना डोळे भरले होते.

दोन-चार दिवसांत मामांनी आपली खुर्ची पुढच्या दारातून उचलून माझ्या जाळीच्या खिडकीखाली आणली. तिथं डोळे मिटून बसायचे. मी त्यांच्या चहात आलं जास्त घालायला लागले.

आणखी एक गोष्ट घडायला लागली होती. पूर्वी सासूबाई केव्हाही हाक मारायच्या. आता मी टाइप करत असताना घरातून चकार शब्द येत नव्हता. पण हात थांबला रे थांबला, की "अगं, दूध बघ", "अगं, कोथिंबीर निवडून दे", "अगं, टाकी भरली का बघ." मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईला तिसरा कान आहे. तो हसला.

मला मात्र हसू येईना. भाषांतरात बोटं चालतात तो वेळ कमीच असतो. खरं काम थांबल्यावर होतं. एखाद्या वाक्यासमोर हात मांडीवर घेऊन बसायचं, ते तोंडातल्या तोंडात घोळवायचं, आणि मग कुठं दोन ओळी पडतात. त्या थांबण्यावरच नेमकी हाक येत होती. उठून येईपर्यंत वाक्य गेलेलं असायचं. पुस्तक मागं पडायला लागलं आणि प्रकाशकबाई फोनवर तुटक बोलायला लागल्या.

एका दुपारी मी अशीच अडले होते. पुस्तकातली आई लेकीला जेवायला वाढताना एक साधं वाक्य बोलते. ते मायेचं आहे की टोमणा, हे काही केल्या ठरत नव्हतं. बाहेर मामांचे एक जुने दोस्त आले, त्यांचेही पूर्वी माग होते.

"सूनबाई कुटं?"

"कामात हाय," मामा म्हणाले. मी आत हसले. हात मांडीवरच होते.

थोडा वेळ गेला, आणि मामांनी स्वैपाकघराकडं आवाज दिला, "थांबलं बघ! आता सांग तिला च्याचं."

लगेच सासूबाईंची हाक आली, "अगं, दोन कप च्या टाक."

पाहुणे खिडकीखाली खदखदून हसले. "लई बारीक ध्यान हाय की तुमचं!"

"मग? म्हणून तर तसला घ्यायला लावला," मामा म्हणाले. त्यांचा सूर मी कधी ऐकला नव्हता इतका खुशीचा होता. "ती तांबडा घेत हुती. त्येला आवाजच न्हाय. आत माणूस काम करतंय का नुसतं बसलंय, भाईर कळाय नगं? कारखान्यात काय करत हुतो मी? हितंच बसायचो. माग थांबला की हाक मारायची. सुताची तार तुटली म्हणला तर ठीक, न्हायतर गडी बिडी वडत बसलेला."

दोघंही हसले. मी पडद्यावरच्या अर्ध्या वाक्याकडं बघत बसले.

रडू आलं नाही. आधी आली ती लाज, त्या मनोगतातल्या परिच्छेदाची. या माणसाला मागांची आठवण येत नव्हतीच. त्याला मालकपणाची आठवण येत होती. गाय चरायला सोडताना गळ्यात घंटा बांधतात, ती काय गाईला नाद आवडतो म्हणून? आणि मी बाई ती घंटा मानेवर घेऊन घरोघर कौतुक सांगत हिंडले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्या माणसानं माझ्या बसण्याला काम म्हटलं, त्यानंच ते काम बाहेर बसून मोजायला घेतलं होतं.

चहा नेऊन दिला. पाहुणे जाईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "मामा, मघाशी माग थांबला नव्हता."

त्यांना लगेच कळलं. तोंडावर ओशाळेपणाची रेघसुद्धा उमटली नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

"आवाज थांबला की."

"मी विचार करत होते. तेच तर माझं काम आहे."

"कर की इचार. कोण नगं म्हणलंय? भाजी निवडता निवडता हुतोय की."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आमी काय इचार करत न्हाय व्हय? सैपाक करतच करतोय."

"आन् येक सांग," मामा म्हणाले, "आवाज चालू असताना तुला कुणी हाक मारतंय का? मीच दम दिलाय घरात. आवाज येतोय तवर कुणी बोलायचं न्हाय."

हे खरं होतं. त्यांच्या हिशेबात त्यांनी मला संरक्षण दिलं होतं, आणि चांगल्या मालकासारखं ते पाळलंही होतं. मी उष्टे कप उचलले आणि आत आले.

काही दिवस मी लबाडी करून बघितली. विचार करताना डाव्या अंगठ्यानं स्पेस बार बडवत राहायचं, मग रिकामी जागा पुसून टाकायची. घरात शांतता नांदली. पण माझं सगळं लक्ष त्या खोट्या टकटकीकडं. कामाचं सोंग करायला इतकी मेहनत पडते की कामाला जीव उरत नाही.

शेवटी अजिबात आवाज न करणारे स्विच मागवले. कीबोर्डच्या खोक्यातल्या चिमट्यानं बटणं काढून निळे स्विच एकेक करून उपटले. पहिला निघता निघेना, नंतरचे भराभर आले. नवे बसवले आणि निळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. मामा खिडकीखाली होते. बऱ्याच वेळानं उठून जाळीपाशी आले.

"बिघडला का?"

"नाही मामा, चालू आहे."

"कळना की," ते म्हणाले. दुकानात म्हणाले होते अगदी तसंच. संध्याकाळी खुर्ची पुन्हा पुढच्या दारात गेली.

आता खूण राहिली नाही म्हटल्यावर हाका दिवसभर यायला लागल्या, लिहितानाही आणि थांबल्यावरही. आगीतून उठून फुफाट्यात. मी काहींना ओ देते आणि काहींना "नंतर" म्हणते. हा एक शब्द मला फार उशिरा बोलता आला. पुस्तक रखडत का होईना, पुरं झालं. त्या आईचं वाक्य मी माया आणि टोमणा दोन्ही ऐकू येईल असंच ठेवलं, कारण तसं असू शकतं हे मला आता माहीत होतं.

राहिलं मनोगत. मामांचा परिच्छेद त्यात तसाच होता. मी पुष्कळ वेळ त्याच्यापुढं बसले. राग होता, पण जागा त्यांनीच दिली हेही खरं होतं. आणि इतकी वर्षं दारात उभं राहून जगाला 'कामात हाय' सांगितलं तेही त्यांनीच. आवाजाचं वाक्य तेवढं काढू, बाकीचं राहू दे, असं मी ठरवत होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. तेच जुने दोस्त आले होते.

"सूनबाई कामात का?"

बाहेर मामा आधी कान देत असणार. माझे हात मांडीवर होते.

"न्हाय," मामा म्हणाले. "आत बसलीय."

मी सगळा परिच्छेद निवडला आणि पुसायचं बटण दाबलं. बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही.